नात्यातलं मूल दत्तक देताना: पहिल्या बोलण्यापासून नव्या जन्मदाखल्यापर्यंत

"मॅडम, घरचंच आहे. एक बाँड करून द्या, नोटरीचा शिक्का मारला की झालं." तालुक्याच्या न्यायालयात वकिली करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की दोन भाऊ आणि दोन जावा एकाच बाकावर दाटीवाटीनं बसलेल्या दिसल्या की पुढचं बोलणं मला आधीच कळतं. मूल बहुतेक वेळा आईच्या मांडीवर झोपलेलं असतं. देणारी आई बोलत नाही, घेणारीही बोलत नाही. बोलतो तो घरातला वडीलधारा माणूस.

नात्यातलं दत्तक सगळ्यांत सोपं वाटतं, आणि म्हणूनच ते सगळ्यांत ढिलं केलं जातं. परक्याच्या ओटीत मूल घालायचं असतं तर माणूस दहा ठिकाणी चौकशी करतो. सख्ख्या भावाकडे कागद मागायचा म्हटलं की जीभ अडखळते. मग वीस वर्षांनी आजोबांच्या जमिनीची वाटणी निघते, आणि ज्या पोराला सगळं गाव अमक्याचा मुलगा म्हणून ओळखतं त्याला तेच न्यायालयात सिद्ध करत बसावं लागतं. भारतातल्या कायद्याप्रमाणे हे काम नीट कसं करायचं ते इथे क्रमाने सांगते. दोन्ही घरांना उपयोग व्हावा, पण माझं लक्ष जास्त करून देणाऱ्या आईवडिलांकडे आहे, कारण त्यांना सहसा कोणी काही समजावून सांगत नाही.

आधी हे ठरवा: दत्तकच द्यायचं आहे का?

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांची गरज वेगळीच असते. मुलाला शाळेसाठी मामाकडे ठेवायचंय, आई आजारी आहे, वडिलांची नोकरी फिरतीची आहे, घर मोडलंय आणि सावरायला दोन-चार वर्षं लागतील. यातल्या कशालाही दत्तक लागत नाही. मूल मामाकडे राहू शकतं, वाढू शकतं, आणि आईवडील कायद्यानं आईवडीलच राहतात. सांभाळणाऱ्याला शाळेत, दवाखान्यात, बँकेत सह्या करण्याचा पक्का अधिकार हवा असेल तर पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली जिल्हा न्यायालयातून त्याची पालक म्हणून नेमणूक करून घेता येते. परिस्थिती बदलली तर न्यायालय ती नेमणूक रद्दही करू शकतं. मुलाचा जन्मघरातला वारसा शाबूत राहतो. आईवडिलांपैकी एक किंवा दोघं नाहीत आणि नातेवाईक मूल सांभाळतात, पण पैशाची ओढाताण आहे, अशा वेळी महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेची चौकशी महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात आधी करावी. निव्वळ खर्चाच्या चिंतेपायी कोणी आपलं मूल कायमचं देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दत्तक म्हणजे याच्या पलीकडची गोष्ट. दत्तकाच्या दिवसापासून मूल सर्व बाबतींत दत्तक आईवडिलांचं होतं आणि जन्मघराशी त्याचं कायदेशीर नातं संपतं. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वैध दत्तक कोणालाच मोडता येत नाही. घेणाऱ्यांना नाही, देणाऱ्यांना नाही, आणि मोठं झाल्यावर मुलालाही "मी परत जन्मघरी जातो" असं म्हणता येत नाही. पुढे घेणाऱ्या जोडप्याचा घटस्फोट झाला, त्यांना स्वतःचं मूल झालं, दोघांपैकी एक वारलं, तरी मूल आपोआप तुमच्याकडे परत येत नाही. भेटायला जाल ते नात्याच्या ओढीनं जाल, हक्कानं नाही. "अठरा वर्षांचा झाला की परत द्यायचा" किंवा "दिवाळीची सुट्टी आमच्याकडे" असं दत्तकपत्रात लिहून घेणारे लोक मला भेटले आहेत. पहिली अट दत्तकाच्या मुळावरच येते, दुसरी म्हणजे फक्त शब्द. तो पाळला जाईल असा विश्वास असेल तरच पुढे जा.

देणाऱ्या आईला मी एक प्रश्न एकटीला विचारते, बाकीच्यांना बाहेर बसवून: तुमच्या जावेशी उद्या भांडण झालं आणि दोन वर्षं बोलणं बंद राहिलं, तरी हा निर्णय तुम्हाला बरोबरच वाटेल का? उत्तर द्यायला वेळ लागला तर मी फाईल बंद करून ठेवते आणि महिन्याने या म्हणते.

जन्माआधीच ठरलं असेल तर: केसपेपरचा आडमार्ग

याबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण नुकसान सगळ्यांत जास्त इथेच होतं. बहिणीला मूल होत नाही, इकडे दुसरं-तिसरं येऊ घातलंय, घरात ठरतं. आणि मग कोणीतरी शहाणा सुचवतो की दवाखान्यात नाव नोंदवतानाच घेणारीचं नाव लावा, म्हणजे जन्मदाखला थेट तिच्या नावावर निघेल, कोर्टकचेरी नको.

माझ्यासमोर अशी एक मुलगी बसली होती, एकोणीस वर्षांची. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला जन्मदाखला होता, घड्यांवर फाटत आलेला. दाखल्यावरची आई ही प्रत्यक्षात तिची मावशी. घरातल्या वादात कोणीतरी ते बोलून गेलं, आणि तेव्हापासून तिच्याकडे ना जन्माचा खरा कागद होता, ना दत्तकाचा. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी ज्यांनी ते सोपं म्हणून केलं, त्यांतले दोघं वारले होते.

जन्मनोंदणीत खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. शिवाय प्रसूतीच्या वेळी काही गुंतागुंत झाली तर रक्तगट, आधीचे आजार, औषधांची ॲलर्जी हे सगळं चुकीच्या बाईच्या नावावर असतं, आणि त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून जन्म खऱ्या आईच्याच नावानं नोंदवा. तोच दाखला पुढे दत्तकाचा पाया असतो.

दुसरं, बाळंतपणाच्या खाटेवर सही करू नका आणि करूही देऊ नका. मूल सोडून द्यायचं असलेल्या आईवडिलांना बाल न्याय कायद्यात बाल कल्याण समितीसमोर जाऊन समर्पण करता येतं, आणि त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. नात्यातल्या दत्तकात हिंदू कायद्यानं असा थांबा दिलेला नाही. तो तुम्ही स्वतः घ्या. बाळाला दोन महिने आईजवळ राहू द्या आणि त्यानंतर पुन्हा एकदा विचारा.

समर्पणाचा विषय निघालाच आहे तर एक घोटाळा इथेच टाळा. "समितीकडे मूल देऊ, तिथून भाऊ घेईल" असं काही जण समजतात. तसं होत नाही. समितीकडे समर्पित केलेलं मूल मुदत संपल्यावर दत्तकासाठी मोकळं जाहीर होतं आणि देशभरच्या प्रतीक्षा यादीतल्या पालकांकडे जातं. मूल नातेवाइकालाच द्यायचं असेल तर समर्पणाचा रस्ता धरू नका.

कोणता कायदा लागू होईल

रस्ते दोन आहेत. पहिला हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा, १९५६. हा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे. दुसरा बाल न्याय कायदा, २०१५, जो कोणत्याही धर्माच्या माणसाला खुला आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना त्यांच्या वैयक्तिक कायद्यांत दत्तकाची सोय नव्हती, त्यामुळे पूर्वी पालकत्वावरच भागवावं लागे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बाल न्याय कायद्याखालचं दत्तक धर्म न पाहता सर्वांना खुलं असल्याचं स्पष्ट केलं, आणि २०१५ च्या कायद्याच्या कलम ५६ मध्ये नातेवाइकाकडून नातेवाइकानं दत्तक घेण्याची तरतूद धर्माच्या अटीशिवाय आली.

हिंदू कुटुंबांना पहिला रस्ता जवळचा वाटतो, पण त्याच्या अटींत निम्मी घरं अडकतात. त्या अशा आहेत. मूल हिंदू असावं, आधी दत्तक गेलेलं नसावं, अविवाहित असावं आणि त्याला पंधरा वर्षं पूर्ण झालेली नसावीत. वय आणि लग्न या दोन बाबतींत रूढीचा अपवाद आहे, आणि जुन्या मुंबई इलाख्यात तशी रूढी न्यायालयांनी मानलेलीही आहे, पण आज नव्याने करताना त्या अपवादावर विसंबू नका. मुलगा घ्यायचा असेल तर घेणाऱ्याला हयात मुलगा, नातू किंवा पणतू नसावा, म्हणजे मुलाच्या बाजूचा नातू-पणतू. मुलगी घ्यायची असेल तर हयात मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी. पुरुष मुलगी घेत असेल किंवा स्त्री मुलगा घेत असेल तर दोघांच्या वयात किमान एकवीस वर्षांचं अंतर हवं.

ही मुलगा-मुलगीची अट बहुतेकांना माहीतच नसते. काकांना एक मुलगी आहे आणि वारलेल्या भावाची मुलगीही त्यांना कायद्यानं आपली करायची आहे. हिंदू कायद्याखाली जमत नाही. आजी-आजोबांना आपल्या मुलीची मुलगी दत्तक घ्यायची आहे, पण ती मुलगी, म्हणजे बाळाची आई, हयात आहे. तेही जमत नाही. तरीही दत्तकपत्र नोंदवून टाकलं तर नोंदणी होऊन जाते, कारण दुय्यम निबंधक घरात किती मुलं आहेत याची चौकशी करायला बसलेला नसतो. कागद हातात येतो, पण दत्तक अवैध राहतं, आणि ते कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

अशा घरांनी दुसरा रस्ता धरावा. बाल न्याय कायद्यात घरात त्याच लिंगाचं मूल असल्याची अडचण नाही आणि मूल अठरा वर्षांखालचं असलं की पुरतं. मात्र तिथे "नातेवाईक" या शब्दाची व्याख्या ठरलेली आहे: काका, आत्या, मामा, मावशी, आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. मोठी बहीण धाकट्या भावाला या तरतुदीखाली घेऊ शकत नाही. चुलत, मावस, आते, मामे भावंडंही यात बसत नाहीत. मानलेले काका तर नाहीतच. हिंदू कायद्यात उलट घेणारा नात्यातला असण्याची अटच नाही. म्हणून हिंदू घरात चुलत भावाला मूल द्यायचं असेल तर १९५६ चा कायदा, आणि घरात आधीच मुलगी असलेल्या मावशीला भाची घ्यायची असेल तर २०१५ चा, अशी ही जुळणी आधी करून घ्यावी लागते.

एकट्या बाईला मूल घेता येतं का, हे हमखास विचारलं जातं. दोन्ही कायद्यांत घेता येतं. भुसावळच्या दिवाणी न्यायालयानं घटस्फोटित शिक्षिकेचा, बहिणीची मुलगी दत्तक घेण्याचा अर्ज ती नोकरी करते म्हणून मुलाकडे लक्ष देऊ शकणार नाही असं म्हणत फेटाळला होता. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द करून तिला परवानगी दिली आणि ही विचारसरणी मध्ययुगीन असल्याचं स्पष्ट शब्दांत सांगितलं. एकट्या पुरुषाला मात्र बाल न्याय कायद्यात मुलगी दत्तक घेता येत नाही.

संमती कोणाकोणाची

देणाऱ्या बाजूला आई आणि वडील दोघांचाही हक्क समान आहे. २०१० च्या दुरुस्तीपूर्वी आईला फार मर्यादित स्थान होतं, आता एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय मूल देता येत नाही. यातून सुटका तीनच प्रसंगी: दुसऱ्यानं संसाराचा पूर्ण त्याग केला असेल, धर्म सोडला असेल, किंवा न्यायालयानं त्याला मनोविकल ठरवलं असेल. एक वारला असेल तर हयात असलेला एकटा देऊ शकतो, मृत्युदाखला जोडून.

घटस्फोट या यादीत नाही. मुलाचा ताबा आईकडे आहे, बाप पाच वर्षांत फिरकला नाही, पोटगी देत नाही, तरी त्याची संमती लागते. बायांना हे ऐकून संताप येतो, आणि तो मला समजतो. पण बापाची सही टाळून केलेलं दत्तक तो उद्या उभा राहून पाडू शकतो, म्हणून त्याला शोधून, वकिलामार्फत नोटीस पाठवून, लेखी संमती घेण्याचा प्रयत्न आधी करा. मिळालीच नाही तर दत्तकाचा हट्ट सोडून पालकत्वाच्या अर्जाचा विचार करा.

आईवडील दोघंही नाहीत, किंवा दोघांनीही मूल टाकून दिलंय, अशा वेळी पालक मूल देऊ शकतो, पण जिल्हा न्यायालयाची (मोठ्या शहरांत शहर दिवाणी न्यायालयाची) परवानगी आधी घ्यावी लागते, नंतर नाही. मूल सांभाळणाऱ्या काकांना ते स्वतःच दत्तक घ्यायचं असेल तरी हाच नियम. न्यायालय मुलाचं हित बघतं, समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छा विचारतं, आणि पैशाचा व्यवहार झालेला नाही याची खात्री करतं.

घेणाऱ्या बाजूला विवाहित पुरुषाला पत्नीची आणि विवाहितेला पतीची संमती हवी. समारंभात बायको नुसती बसलेली होती म्हणजे तिची संमती होती असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सांगितलं आहे. म्हणून दोघांच्याही सह्या कागदावर घ्या. तिला लिहिता येत असेल तर संमतीचं वाक्य तिच्याच अक्षरात लिहून घ्यावं असा माझा आग्रह असतो.

पैशाबद्दल एकच सांगते. मूल देण्याच्या बदल्यात पैसे, दागिना, जमीन काहीही देणं-घेणं हिंदू कायद्याच्या कलम १७ खाली शिक्षापात्र आहे. भावाभावांतली जुनी उधारी याच दिवशी फेडायला घेऊ नका.

हिंदू कायद्याचा रस्ता: विधी, दत्तकपत्र, नोंदणी

कायद्याच्या दृष्टीनं दत्तक होतं ते मूल प्रत्यक्ष दिल्या-घेतल्यानं. दत्तहोम केला नाही तरी चालतो, पण देणाऱ्यांनी मूल उचलून घेणाऱ्यांच्या मांडीवर देणं आणि त्यांनी ते घेणं, हे झालंच पाहिजे. २०२० मध्ये एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दत्तक नाकारलं, कारण पत्नीची संमती आणि दत्तविधान, म्हणजे मूल प्रत्यक्ष देण्या-घेण्याचा विधी, ही दोन्ही सिद्ध झाली नव्हती. लहानपणापासून घरात वाढवलं, शाळेत नाव लावलं, एवढ्यानं भागलं नाही.

म्हणून एक दिवस ठरवा आणि माणसं बोलवा. दोन्हीकडची मिळून आठ-दहा पुरेत, पण त्यांत निदान दोन-तीन तरुण असू द्या, पंचवीस वर्षांनीही साक्ष देऊ शकतील असे. फोटो काढताना मूल देणाऱ्याच्या हातात असतानाचा, हातातून हातात जातानाचा आणि घेणारीच्या मांडीवर बसल्यानंतरचा असे तिन्ही घ्या. अशा एका दिवशी अडीच वर्षांचा एक मुलगा काकूच्या मांडीवर बसला आणि लगेच उठून आईकडे पाण्याची बाटली मागायला गेला. सगळे गप्प झाले. आईनं बाटली काकूच्या हातात दिली, आणि तो तिच्याकडे गेला. आईनं डोळ्याला पदर लावला नाही, खाली बघत राहिली. देणाऱ्या आईबरोबर त्या दिवशी तिच्या माहेरचं माणूस असू द्या, एवढं मी तेव्हापासून सांगते.

त्यानंतर दत्तकपत्र. त्यात चौघांची पूर्ण नावं, वयं आणि पत्ते, मुलाची जन्मतारीख आणि जन्मनोंदणीचा क्रमांक, नातं, दत्तविधान कोणत्या तारखेला आणि कुठे झालं, साक्षीदार कोण, घेणाऱ्याला त्या लिंगाचं दुसरं मूल नाही हे स्पष्ट विधान, पती-पत्नींच्या संमत्या, मोबदला दिला-घेतला नसल्याचं विधान, आणि मुलाचं नवं नाव एवढं यावं. "दत्तक देणार आहोत" असं भविष्यातलं वाक्य नको. "दिलं आणि घेतलं" असं झालेल्या गोष्टीचं वाक्य हवं. भाषा अशी ठेवा की एक दिवस ते मूल स्वतः वाचील. "नको असलेलं अपत्य", "परिस्थितीचं ओझं" असले शब्द मसुद्यात दिसले की मी खोडून टाकते.

हे पत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा. देणारे आणि घेणारे दोघांच्याही सह्या असलेलं नोंदणीकृत दत्तकपत्र समोर आलं की, उलट सिद्ध होईपर्यंत दत्तक कायदेशीर आहे असं न्यायालय धरून चालतं. कलम १६ चा हा आधार नोटरीच्या बाँडला मिळत नाही. बरोबर न्यायचे कागद: सर्वांचे आधार आणि फोटो, मुलाचा मूळ जन्मदाखला, दोन्ही जोडप्यांचे विवाहाचे दाखले, लागू असेल तिथे मृत्युदाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा, साक्षीदारांची ओळखपत्रं. पालकानं दिलं असेल तर न्यायालयाच्या परवानगीची प्रमाणित प्रत.

बाल न्याय कायद्याचा रस्ता: जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश

इथे घेणाऱ्यांनी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, 'केअरिंग्ज' या संकेतस्थळावर नात्यातलं दत्तक म्हणून नोंदणी करायची. मूल आधीच ठरलेलं असल्यानं प्रतीक्षा यादीत थांबावं लागत नाही. तिथे ओळखीचे, पत्त्याचे, उत्पन्नाचे आणि लग्नाचे पुरावे, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि फोटो चढवावे लागतात. त्यासोबत नातं सांगणारं प्रतिज्ञापत्र आणि जनक आईवडिलांचं संमतिपत्र. मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही संमती लागते. आईवडील हयात नसतील तर बाल कल्याण समितीची परवानगी घ्यावी लागते.

पुढचा दुवा म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्ष. माझा सल्ला असा की संकेतस्थळावर एक अक्षर भरण्याआधी या कक्षात प्रत्यक्ष जाऊन बसा. दोन कुटुंबं दोन जिल्ह्यांत असतील तर अर्ज कुठून जाणार, आडनावातला किंवा तारखेतला फरक कसा दुरुस्त करायचा, हे तिथेच कळतं. आधारवर "सुनिता" आणि विवाहाच्या दाखल्यावर "सुनीता" असल्या ऱ्हस्व-दीर्घापायी महिने गेलेले मी पाहिलेत.

कक्ष कागद तपासून प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवतो. २०२१ च्या दुरुस्तीनं दत्तक आदेशाचा अधिकार न्यायालयांकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडेच, आला आणि १ सप्टेंबर २०२२ पासून तो अमलात आहे. सुनावणी बंद दाराआड होते आणि अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो. आदेश विरुद्ध गेला तर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. इतर दत्तकात असणारी पालकांच्या वयाची मर्यादा आणि दोन वर्षांच्या स्थिर वैवाहिक जीवनाची अट नात्यातल्या दत्तकाला लागत नाही, त्यामुळे साठीतल्या आजी-आजोबांनी आधीच नाउमेद होऊ नये. पण आपल्यानंतर मुलाचं कोण करणार याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असावं, ते विचारलं जाईल.

जमीन, वारसा आणि लग्न

मुलाच्या नावावर दत्तकाआधीच झालेली मालमत्ता त्याचीच राहते. सातबाऱ्यावर वडिलांच्या मृत्यूनंतर त्याचं नाव लागलं असेल तर दत्तक गेल्यानं ते कमी होत नाही. पण पुढे जन्मघरात जे वारशानं येईल त्यावर त्याचा वारस म्हणून हक्क नसतो. अडचण होते ती एकत्र कुटुंबाच्या न वाटलेल्या वडिलोपार्जित जमिनीत. जन्मानं मिळालेला हिस्सा दत्तकानंतर टिकतो की नाही यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांची मतं वेगळी आहेत. अशी जमीन असेल तर दत्तविधानाआधी वाटणीचा विषय वकिलासमोर काढा, संकोच करू नका. मुलाला काही द्यायचंच असेल तर मृत्युपत्रानं देता येतं.

उलट बाजूही बघा. दत्तक घेतल्यानं घेणाऱ्या आईवडिलांचा आपली मालमत्ता हवी तशी देण्याचा अधिकार जात नाही. त्यांनी मृत्युपत्र करावं, आणि त्यातच आपल्यामागे मुलाचं पालक कोण हेही नेमून ठेवावं. हिंदू कायद्यात त्याची सोय आहे. देणाऱ्या आईवडिलांनी निदान एवढी मागणी करावी. ती हक्काची नसली तरी रास्त आहे.

लग्नाच्या बाबतीत जन्मघराची बंधनं कायम राहतात आणि नव्या घराची वर येतात. मामानं भाच्याला दत्तक घेतलं की मामाची मुलगी त्याची बहीण होते, हे आपल्याकडे मुद्दाम सांगावं लागतं.

कागद बदलताना हा क्रम ठेवा

सगळ्यात आधी जन्मदाखला. नोंदणीकृत दत्तकपत्र किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन, जिथे जन्म नोंदला गेला त्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत अर्ज द्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा आधार म्हणून हाच दाखला चालतो, त्यामुळे तो जुन्या नावानं ठेवून बाकीचं बदलत गेलात तर प्रत्येक ठिकाणी अडाल. निबंधकानं अर्ज परत केला तर तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका, नकाराचं कारण लेखी मागा. दाखला हाती आला की आधार, मग शाळेची सामान्य नोंदवही, रेशनकार्ड, बँक, आणि घेणाऱ्यांच्या नोकरीतलं नामनिर्देशन आणि वैद्यकीय विमा. देणाऱ्यांच्या रेशनकार्डावरून आणि विम्यातून नाव कमी करणंही विसरू नका.

घेणारे परदेशात राहत असतील तर क्रम वेगळा. आधी त्या देशाच्या दत्तक प्राधिकरणाशी किंवा तिथल्या मान्य संस्थेशी बोलणं, मग इथलं काम. भारतानं २००३ मध्ये आंतरदेशीय दत्तकाचा हेग करार मान्य केला आहे. मूल बाहेर न्यायचं असेल तर हिंदू कायद्याखाली झालेल्या दत्तकालाही काराचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. गावी सुट्टीवर येऊन आठवड्यात दत्तविधान उरकायचं आणि नंतर व्हिसाचं बघू, असं केलेल्या घरांत मूल वर्षानुवर्षं आजीकडेच राहिलेलं मी पाहिलं आहे.

मुलाला कधी सांगायचं

हे कोणत्याही कलमात नाही, पण दोन घरांमध्ये ते दत्तविधानाआधी ठरलं पाहिजे. नात्यातल्या दत्तकात गुपित राहत नाही. लग्नात, बारशात, अंत्यविधीत कोणीतरी म्हणतंच, "अगदी बापावर गेलाय हो," आणि बोट दुसऱ्याच माणसाकडे असतं. म्हणून तीन-चार वर्षांपासून गोष्टीसारखं सांगत जा, घेणाऱ्या आईवडिलांच्या तोंडून. देणाऱ्या आईला मूल काय म्हणणार, मावशी, काकू, मोठी आई, हे नावही आताच ठरवा आणि तेच वापरा. मुलाला बोलण्यासाठी एक माणूस नेमून द्या, आजी किंवा आत्या, जिच्याकडे तो दोन्ही घरांबद्दल काहीही विचारू शकेल.

आणि एक पाकीट तयार ठेवा. त्यात मूळ जन्मदाखल्याची प्रत, नोंदणीकृत दत्तकपत्राची किंवा आदेशाची प्रमाणित प्रत, दोन्ही घरांतल्या आजारपणांची माहिती, दत्तविधानाचे फोटो, आणि देणाऱ्या आईवडिलांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक पत्र. याचा दुसरा संच देणाऱ्यांच्या घरी राहू द्या. त्या बाटली मागणाऱ्या मुलाच्या आईनं पत्र लिहायला सात महिने घेतले, आणि दीड पानाचं लिहिलं. ते मी वाचलेलं नाही, पाकीट तिनं चिकटवूनच आणलं होतं.